माझ्या लेकीनं निवडलेलं गाव

इथे परदेशात, अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात माझ्या शेजारच्या टेबलावर एक रशियन म्हातारी शेपू घातलेल्या काकडीचं लोणचं विकते. मी जुनी हत्यारं विकतो. ड्रिल, पाने, करवती. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण घासाघीस करतो. तिच्याशी कुणी करत नाही. गिऱ्हाइकानं बरणी उचलली की ती आपल्या गावाची गोष्ट सुरू करते, आणि गोष्ट ऐकलेल्या माणसाला भाव पाडायची लाज वाटते. तिचा हा डाव मी पहिल्याच रविवारी ओळखला. माझी पोरगी मात्र त्यात पुरती सापडली.

शाळेनं पोरीच्या वर्गाला काम दिलं होतं. एखाद्या छोट्या गावाचा इतिहास तिथल्या माणसाकडून ऐकायचा आणि हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगायचा. हिनं म्हातारीचं गाव निवडलं. कोळसा सापडला म्हणून बर्फात वसलेलं, खाणीच्या भोंग्यावर उठणारं-झोपणारं. पुढे शाळेखालची जमीन खचली, खाण बंद पडली, मग बेकरी, मग रेल्वे. आता तिथे थोडीशी म्हातारी माणसं उरलीत म्हणे.

आणि मी कुठला? चंद्रपूरकडचा, कोळशाच्या खाणीवरचाच! बाबा जन्मभर खाली उतरले. घरात अख्खं गाव बसलेलं, आणि पोरगी दर रविवारी म्हातारीच्या स्टुलावर!

एकदा व्हॅनमधून घरी येताना मी बोललोच. आमचा भोंगा किती लांब ऐकू यायचा, आमच्या विहिरी कशा आटल्या. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "पप्पा, यू आर सेलिंग अगेन."

माझं डोकं सणकलं. "विकतोय? अगं, तुझे आजोबा खाणीवर गमबूट चढवताना चपला घराकडे तोंड करून ठेवायचे. सगळेच ठेवायचे. वर आल्यावर पाय आपसूक घराकडे वळावेत म्हणून. हे विकतोय मी?"

तिनं रेडिओ लावला. मला वाटलं, ऐकलंसुद्धा नसेल.

कार्यक्रमाच्या दिवशी म्हातारी पहिल्या रांगेत, लिपस्टिक लावून. तिला पोरीनं स्वतः बोलावलं होतं. मला शाळेचा ईमेल. मी मुद्दाम तिच्या मागेच बसलो. पोरगी आपल्या तक्त्याशेजारी उभी राहून छान बोलत होती, आणि त्याचाही मला राग येत होता. मग तिनं सांगितलं की त्या गावातले कामगार खाणीत उतरताना आपले लोकरीचे बूट घराकडे तोंड करून ठेवायचे.

माझे बाबा! नेऊन ठेवले बर्फात!

मी ताडकन उभा राहिलो. "नॉट बूट्स! जँडल्स! माय फादर्स जँडल्स!" इथे चपलांना जँडल्स म्हणतात.

हॉल हसला. पोरगी लाल झाली. एरवी घरातही इंग्रजीत उत्तर देणारी ती सगळ्यांदेखत मराठीत म्हणाली, "पप्पा, बसा ना!"

म्हातारी मागे वळली. हळूच म्हणाली, "आमच्याकडे असं कुणी करत नव्हतं. मी सांगितलं तिला. ती म्हणाली, सगळ्यात छान हेच आहे, राहू दे. मलाही आवडलं. असू दे ना आमच्या गावाला."

याच आवाजात तिच्या बरण्या खपतात.

"नाही," मी म्हणालो.

"तुमच्याकडे अजून पुष्कळ असेल की."

"असेल. हे मिळणार नाही."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी दर रविवारी तिच्या टेबलाकडे पाहतो. त्या नजरेनं मला किती बरं वाटलं, ते लपवत नाही.

पोरीनं तक्त्यावरची ती ओळ खोडली. मार्कर हातात धरून क्षणभर थांबली.

"पप्पा, व्हॉट्स द नेम ऑफ युवर टाऊन?"

एवढ्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मी उभ्याउभ्या एकेक अक्षर सांगू लागलो. टीचर घड्याळाकडे बघत होत्या. बघू देत.