मेन्सियाच्या घरची धुणी

किटेरिया आमच्या गावची परटीण. राखेच्या पाण्यात साऱ्या गावाचे कपडे उकळायची. जीभही तशीच कढत. "पाद्रीबाबांच्या झग्यावर दारू कुणी सांडली, ते मला विचारा!" म्हणत नदीवरच्या बायांना पोट धरून हसवायची.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासांत धर्मन्यायालयाचे साहेब गावात उतरले. चर्चमध्ये फर्मान वाचलं गेलं. ज्यूंचा धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्यांपैकी कुणी चोरून जुना धर्म पाळत असेल, शनिवार सणासारखा मानून त्या दिवशी धुवट कपडे घालत असेल, तर माहीत असणाऱ्याने येऊन सांगावं. लपवणाराही तितकाच पापी.

कपड्यांचं नाव निघालं आणि सगळं चर्च मान वळवून किटेरियाकडे बघू लागलं.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावणं आलं. साहेब ओरडले नाहीत. उलट खुर्ची दिली. एवढ्या मोठ्या माणसासमोर खुर्चीवर बसायची तिला सवय नव्हती. ती अगदी कडेला टेकली.

"सांग बाई, शनिवारी धुवट कपडे कुणाकडे लागतात?"

"मेन्सियाकडे, साहेब."

मेन्सिया तिची लहानपणची मैत्रीण. तिचे आजोबा ज्यू होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिचा नवरा आंद्रेस खेचरांवरून मीठ वाहायचा. शुक्रवारी संध्याकाळी घरी यायचा तेव्हा सदरा मिठाने पापडासारखा कडक झालेला असायचा. शनिवारचे धुवट कपडे ते एवढ्यासाठीच. हे किटेरियाच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात जबानी लिहून घेणाऱ्या कारकुनाने मान वर केली.

"आणखी काही?"

तिच्या मनात आलं, आता मेन्सियाची बाजू घेतली तर विचारतील, तुला एवढा पुळका का?

"नाही, साहेब."

इथलं बोलणं बाहेर काढणार नाही, अशी शपथ घेऊन ती घरी आली. त्याच आठवड्यात मेन्सियाला नेलं.

दोन वर्षांनी ती परतली. केस पांढरे झालेले, अंगावर शिक्षेचा पिवळा झगा. साक्ष कुणी दिली हे तिथे आरोपीला सांगतच नाहीत. कोठडीत बसून मेन्सियाने स्वतःच हिशेब लावला होता: द्राक्षमळ्यावरून नणंदेशी भांडण झालं होतं, म्हणजे लुक्रेसियाच! आल्या दिवशी ती लुक्रेसियाच्या दारात थुंकली. गावाला ते पटलंच. लुक्रेसियाच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. नदीवर बाया लुक्रेसियाला शिव्या घालत, तेव्हा किटेरिया मान खाली घालून एकच चादर पुन्हा पुन्हा पिळत राही. घरी आल्यावर तिला अन्न गोड लागत नसे.

एकदा मेन्सिया धुणं घेऊन नदीवर आली. बाकीच्या बाया आपापल्या टोपल्या उचलून लांब सरकल्या. किटेरिया मात्र जागची हलली नाही.

मेन्सियाने भाकरीचा तुकडा मोडून तिच्यापुढे धरला. "घे गं. तू एकटीच बसलीस माझ्याजवळ."

किटेरियाने हात मागे घेतला. "मेन्से, ते मी सांगितलं होतं."

"काय?"

"शनिवारचे कपडे. आंद्रेसच्या मिठाचं नाही सांगितलं."

मेन्सियाने पुढे केलेला तुकडा खाली ठेवला. मग म्हणाली, "एक वाक्य होतं गं ते. एकच."

"मार मला. शिव्या दे."

"हळू बोल. शपथ मोडलीस म्हणून तुलाही नेतील."

ओले कपडे तसेच टोपलीत भरून मेन्सिया चढण चढली आणि थेट लुक्रेसियाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. लुक्रेसियाने तिला बराच वेळ ताटकळत ठेवलं. अखेर दार उघडलं. मोडलेलं लग्न मात्र पुन्हा जुळलं नाही.

मेन्सियाने किटेरियाचं नाव बाहेर कुणाला कळू दिलं नाही. तिच्याशी बोललीही नाही, मरेपर्यंत. मेन्सियाने तिची चहाडी केली असती, तर किटेरियाला सोसलं असतं. हे गप्प राहणं तिला सोसेना.

पुढे कुणी कपडे टाकायला आलं, की ती आधीच हात वर करायची. "कधी हवेत ते सांगू नका बाई. वाळले की आणून टाकीन."