आदी मला अडवा

“आदी मला अडवा.”

कारखान्यात कुठलाही नवा नियम आला की तात्या हे म्हणायचे आणि म्हणता म्हणता शर्टाची वरची गुंडी लावून घ्यायचे. जणू कुणी आत्ताच येऊन कॉलर धरणार आहे. आम्ही हसायचो. पुढे त्यांना खरोखरच अडवावं लागलं, तेव्हा हसणं जरा अवघड झालं.

शिरवळला हायवेलगत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. द्राक्षं, डाळिंबं, औषधाच्या बाटल्या, पाण्याचे पंप. जगात कुणी काहीही बनवो, शेवटी ते आमच्या खोक्यात येऊन बसतं. तात्या तिथले वर्क्स मॅनेजर. मूळचे आटपाडीकडचे, वडील मेंढरं राखायचे. खळीचं पिंप ढवळायला लागलेला हा माणूस तीस वर्षांत सगळ्या कारखान्याचा प्रमुख झाला होता. मी स्टोअर सांभाळायचो. कागदाची रिळं, खळीची पावडर, तार, सुतळी, सगळं माझ्या ताब्यात.

एक दिवस पुण्याहून मालक आले आणि त्यांनी जाहीर केलं की वर्षभरात कारखान्याचं डिजिटल ट्रान्स्फॉर्मेशन होणार, आणि त्याचं नेतृत्व तात्या करणार. तात्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर होता, नाही असं नाही. त्याच्या डोक्यावर ते चष्म्याचं घर ठेवायचे.

“मालक, मला ह्यातलं काय बी कळत न्हाई.”

“तात्या, पण माणसं तुमचं ऐकतात.”

“ऐकत्यात म्हनूनच भ्या वाटतंय.”

मग साताऱ्याच्या एका हॉटेलात आम्हा सगळ्या अधिकाऱ्यांचं दोन दिवसांचं नेतृत्व शिबिर झालं. शिकवणारे गृहस्थ फार उत्साही होते. त्यांनी सांगितलं, डोळे मिटा आणि मागे पडा, सहकारी झेलतील, यालाच विश्वास म्हणतात. सेल्सवाले पडले, अकाउंटवाले पडले, मीसुद्धा पडलो. तात्यांची पाळी आली तेव्हा ते वळले, झेलणाऱ्यांकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, “ह्यातल्या दोघांची कंबर दुखती, मला ठावं हाय. मी आपला उभाच ऱ्हातो.” शिकवणाऱ्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. ते चांगलं होतं की वाईट, आम्हाला कधी कळलं नाही.

पहिलं आलं ते गेटवरचं आंगठ्याचं मशीन. आंगठा ठेवला की आतून एक बाई गोड आवाजात “धन्यवाद” म्हणायची. ओळखलं नाही तर “कृपया पुन्हा प्रयत्न करा.” गेटवर फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार होते. तात्यांनी त्यांना सगळ्यांसमोर बजावलं, “मशीननं न्हाई म्हटलं की आत सोडायचं न्हाई. मालक आसू द्या, न्हाईतर मी. आदी मला अडवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आले, उजवा आंगठा ठेवला. बाई म्हणाली, कृपया पुन्हा प्रयत्न करा. त्यांनी तो शर्टाला पुसला. पुन्हा प्रयत्न करा. फुंकर मारली, धुतला, खोबरेल लावलं. बाईचा सूर तसाच गोड. हवालदारांनी टाचा जुळवल्या आणि म्हणाले, “सर, हुकूम आपलाच आहे.”

“बरोबर हाय,” तात्या म्हणाले आणि रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले.

तुम्ही म्हणाल, तासाभराचा खेळ असेल. चार दिवस तात्यांनी कारखाना टपरीवरून चालवला. फायली टपरीवर गेल्या. सकाळची मीटिंग टपरीवर झाली. आम्ही नऊ अधिकारी दोन बाकड्यांवर, आणि जागा नाही म्हणून क्वालिटीवाले साहेब मोटारसायकलवर. नाशिकहून आलेल्या एका गिऱ्हाइकाला वाटलं, हाच आमचा स्वागतकक्ष. त्याने भजी मागवली. पुण्याहून मालकांचा फोन आला, “तात्या, हा काय तमाशा आहे? आत जा.”

“आत कसा जाऊ, साहेब? मशीन न्हाई म्हणतंय.”

“मी हो म्हणतोय!”

“आवं, मग मशीन कशाला आणलं?”

चौथ्या दिवशी मशीन बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर धावत आला. तात्यांनी त्याला आपला आंगठा दाखवलाच नाही. गेटच्या कडेला भिंतीला टेकून बसलेल्या पेस्टिंगच्या अकरा बायका दाखवल्या. वीस-वीस वर्षं खळीत आणि पुठ्ठ्यावर हात घासून त्यांच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. नियम लागू होण्याआधी मशीनची चाचणी झाली, त्या दोन दिवसांतच त्या गैरहजर लागल्या होत्या. त्यांनी सुपरवायझरला सांगितलं, सुपरवायझरने मला सांगितलं, मी म्हणालो, हात स्वच्छ धुवा. इतकंच. तात्या बाहेर बसले म्हणून त्या बाहेर बसलेल्या दिसल्या. त्याच आठवड्यात मशीन गेलं आणि गळ्यात घालायची कार्डं आली.

बऱ्याच दिवसांनी हवालदारांनी मला खासगीत सांगितलं, “पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं, सर, डावा आंगठा लावून बघा. तर म्हणाले, तू गप रं गड्या.”

मग पुण्याहून एक सल्लागार बाई आल्या. हुशार, कमी बोलणाऱ्या. त्यांनी भिंतभर कागद लावला, त्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या आणि दाखवून दिलं की आमच्याकडे एका ऑर्डरला अकरा सह्या लागतात. आम्ही सगळे म्हणालो, लागतात, पण दोन दिवसांत होतात. तात्यांनी भिंतीवरच्या चिठ्ठ्या एकेकीवर बोट ठेवून मोजल्या.

“फिरून बगू,” ते म्हणाले.

त्यांनी एका खोक्याचा पाखा फाडून घेतला, त्याला भोक पाडून सुतळी ओवली आणि वर मार्करने लिहिलं: ‘डाळिंब, पाच किलो, अडीच हजार खोकी.’ ती पाटी गळ्यात घालून सकाळी नऊ वाजता सेल्सच्या टेबलासमोर उभे राहिले.

“मी ऑर्डर हाय. सही करा.”

पहिल्या दिवशी चार सह्या झाल्या. पाचव्या टेबलावर गाडी अडली. क्वालिटीवाले साहेब औंधला यमाईच्या दर्शनाला गेले होते. तात्यांनी टेबलाशेजारी स्टूल ओढलं आणि बसले. मी जाऊन म्हणालो, “तात्या, मालकांचा फोन आहे.”

“ऑर्डरला फोन येत न्हाई.”

दुपारी पेस्टिंगच्या बायकांनी भाकरी आणि ठेचा आणून दिला. तो त्यांनी टेबलाआड वाकून खाल्ला आणि म्हणाले, “ह्ये चिठ्ठीवर लिवू नगा.” सल्लागार बाई दर तासाला येऊन घड्याळ बघून नोंद करत होत्या, त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, पण एकदा त्या जिन्यात एकट्याच तोंडावर हात धरून हसताना मला दिसल्या. संध्याकाळी तात्यांनी पाटी काढून स्टुलावर ठेवली आणि घरी गेले. सकाळी येऊन पुन्हा गळ्यात घातली.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब प्रसाद घेऊन हजर झाले. आपल्या टेबलाशेजारी वर्क्स मॅनेजर गळ्यात पाटी अडकवून बसलेला पाहून त्यांचा रंगच उडाला.

“तात्या, काय गुन्हा झाला माझ्याकडून?”

“गुन्हा न्हाई. सही करा.”

“कशावर?”

“माज्यावर.”

साहेबांनी घाईघाईने पाटीच्या कोपऱ्यात सही केली.

“वाचलं का काय लिवलंय?”

“नाही...”

“मग ही सही कशाला लागती?”

साहेबांनी गडबडून तात्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. तात्यांनी तो कपाळाला लावून खाल्ला आणि पुढच्या टेबलाकडे चालू लागले. अकरा सह्यांच्या तीन झाल्या त्या त्याच आठवड्यात. खऱ्या अडीच हजार खोक्यांचं विचाराल, तर ती तात्यांनी आधीच तोंडी सांगून कामाला लावली होती. डाळिंबं कुणासाठी थांबत नाहीत.

आता माझं सांगतो. त्याची लाज अजून आहे. नव्या सिस्टीमला प्रत्येक रिळाची जागा भरून हवी होती. माझ्याकडे जागा होत्या, पण त्या माझ्या डोक्यात होत्या. ‘म्हादूच्या मागची’, ‘गळक्या पत्र्याखालची’, ‘खिडकीची थोरली’. म्हादू आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता, पत्राही बदलला होता. नावं तेवढी राहिली होती आणि ती फक्त मला ठाऊक होती. मी रोज काहीतरी कारण काढून भरणं टाळत होतो. डोक्यातलं एकदा यंत्रात गेलं की मग माझं काय काम, ही भीती मी बायकोलाही बोललो नव्हतो.

तात्या ओरडले नाहीत. म्हणाले, “जाधव, आठ दिवस रजेवर जावा. फोन बंद ठेवायचा.” आणि माझ्या खुर्चीवर स्वतः बसले.

मी साताऱ्याला घरी बसून आठ दिवस कान टवकारून होतो. तिकडे तात्या स्टोअरमध्ये बसून येणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर देत होते, “माहीत न्हाई.” दोनशे ग्रॅमचा कागद कुठाय? माहीत न्हाई. तार? माहीत न्हाई. रिळं शोधायला सेल्सची माणसं शिड्या घेऊन फिरत होती. एका मशीनवर द्राक्षाच्या खोक्यांना चुकून औषधाच्या खोक्यांचा कागद लागला. मालकांनी विचारलं तरी उत्तर तेच.

मी परतलो तेव्हा, खरं सांगतो, छाती फुगली होती. तात्यांनी मला शेजारी बसवलं.

“तुमच्याबिगर कारखाना चालत न्हाई. सगळ्यांनी बघितलं. मालकांनीबी. झालं समाधान?”

मी टेबलावरची सुतळी गुंडाळायला घेतली.

“जाधव, तुमच्या लेकीच्या लग्नात मी पयल्या रांगेत हुतो. मंगलाष्टका चालू हुत्या आन् तुमी मांडवात कानाला फोन लावून सांगत हुता, रीळ म्हादूच्या मागं हाय म्हनून. आक्षता टाकल्या का तुमी?”

मला आठवेना. आजही आठवत नाही.

त्या संध्याकाळपासून मी जागा भरायला लागलो. तात्या शेजारी बसून एकेक नाव विचारायचे, म्हादू कोण, थोरली का म्हणायची. पंधरा दिवसांत चारशे जागा यंत्रात गेल्या. आणि स्टोअरमधल्या माणसाला काय काम उरतं, याचं उत्तर तात्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं: ती सिस्टीम बाकीच्यांना शिकवायची. ते काम मला मिळालं.

वर्ष संपलं. सगळं सुरळीत चालायला लागलं आणि मालकांनी अखेर तो प्रश्न विचारला ज्याची आम्ही सगळे वाट बघत होतो. आता माणसं किती कमी करता येतील? त्यांच्या मनात पेस्टिंगची आठ नावं होती. ते म्हणाले, सिस्टीमलाच विचारा, ती खोटं बोलत नाही.

तात्यांनी मला बोलावलं. “जाधव, मागच्या तीन म्हयन्यात कुणाकुणावाचून काय काय अडलं, काडा.”

मी यादी काढली. पेस्टिंगच्या बायका एक दिवस नव्हत्या तर खोकी अडली होती. हवालदार नव्हते तर गाड्या अडल्या होत्या. सगळ्यांच्या नावापुढे काही ना काही आकडा होता. सगळ्यात खाली वर्क्स मॅनेजर. त्यांच्यापुढे शून्य. तीन महिन्यांत एकही कागद, एकही मशीन, एकही माणूस त्यांच्यापाशी अडला नव्हता.

मी स्क्रीन वळवायला कचरत होतो. तात्यांनीच ती वळवली, चष्मा लावून वाचली आणि शाळेत पहिला आलेल्या पोरासारखे हसले.

“आरं, जमलं की आपल्याला!”

“तात्या, याचा अर्थ—”

“आर्थ सरळ हाय. मालकांना सांगा, एक जागा जादा निगाली. एकच. बाकी एकालाबी हात लावायचा न्हाई, तसं लिवून घ्या त्यांच्याकडनं.”

मालक धावत आले. सल्लागार व्हा म्हणाले, नुसते येऊन बसा म्हणाले. तात्या म्हणाले, “साहेब, नुसता बसलेला मानूसच तर आपन वरीसभर हुडकत हुतो.” मालकांना हसू आलं नाही. बाकी कुणाला हात लावणार नाही, असं लिहिलेला कागद त्यांनी पुढे ओढला आणि सही केली. वाचून केली.

सिस्टीममधून नाव काढायचं काम माझ्याकडे आलं. मी हात मागे घेतला. म्हणालो, हे माझ्याच्यानं होणार नाही.

“आवं, मला मारताय व्हय? नुसतं नाव काडताय.” आणि माझा हात धरून त्यांनीच बटणावर ठेवला. त्यांचा तळवा पुठ्ठ्यासारखा खरखरीत होता.

निरोप समारंभ त्यांनी होऊ दिला नाही. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत निघून गेले. सांगायला वाईट वाटतं, पण त्या दिवशी कुणाच्या लक्षातही आलं नाही. खोकी होत होती, गाड्या भरून सुटत होत्या.

शनिवारी मोठ्या मशीनचा पट्टा तुटला. पोरांनी अर्ध्या तासात नवा चढवला. मला उगाच वाटलं, हे तात्यांना सांगितलं पाहिजे. सवयीने जिना चढून मी त्यांच्या केबिनचं दार ढकललं.

आत पेस्टिंगच्या बायका जेवायला बसल्या होत्या. इतकी वर्षं त्या खाली रिळांच्या आडोशाला, उभ्याउभ्याच चार घास खायच्या. जाण्याआधी तात्या त्यांना केबिनची किल्ली देऊन गेले होते आणि कुणाला बोलले नव्हते. टेबलावर आठ-दहा डबे उघडे होते. तात्यांच्या खुर्चीवर सगळ्यात म्हातारी बाई मांडी घालून बसली होती. मला बघून ती उठायला लागली. मी म्हणालो, बसा.

तिने डब्याच्या झाकणात भाकरीचा तुकडा आणि मेथीची भाजी काढून माझ्यापुढे सरकवली.

“तात्याकडं आलता व्हय?” ती म्हणाली. “न्हाईत ते. जेवा.”