पॅनेलला लावलेला हात

पनवेलजवळच्या एका डेटा सेंटरमध्ये मी तीन वर्षं होतो. सर्व्हरच्या कुठल्या रांगेला किती वीज लागते, हे स्क्रीनवर बघत बसायचं, एवढंच माझं काम. तेच आकडे दर तासाला मीटरवरून वाचून रजिस्टरमध्ये लिहिणारा एक ऑपरेटर होता. जवळच्याच गव्हाण गावचा, पन्नाशीचा, पूर्वी मिठागरात राबलेला. मीटर वाचण्याआधी तो विजेच्या पॅनेलच्या दाराला हाताची मागची बाजू लावायचा, पोराचा ताप बघतात तशी. मला त्याचा वैताग यायचा. "काका, इथे स्क्रीनवरून उतरवून घ्या की," मी म्हणायचो. तो हसायचा आणि चालू लागायचा.

एका दुपारी तो रजिस्टर घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"साहेब, चौथ्या रांगेचा तुमचा आकडा सकाळपासून हालला नाय. चालू वस्तूचा आकडा थोडा तरी हालतो. हालत नाय तो मेलेला समजायचा."

मीटरकडून स्क्रीनला येणारी माहितीच थांबली होती. रजिस्टरमध्ये मात्र आकडा तासातासाला चढत होता. आणखी थोडा चढला असता तर ब्रेकर पडून अख्खी रांग बंद झाली असती. मी घाईघाईने थोडा लोड दुसऱ्या रांगेवर वळवला. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'वेळीच लक्षात आले.' कोणाच्या, ते लिहिलं नाही.

पुढे कंपनीने रजिस्टर बंद केलं, तसा तोही यायचा बंद झाला. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. खरं तर प्रत्येक आकड्यासमोर त्याची सही होती. मी फक्त आकडे वाचले.