चारात एक

वर्गात आल्यावर सर आधी हजेरी घेत नसत. डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवून, खिडकीबाहेर बघत, थोडा वेळ नुसते उभे राहत. मग मुलांकडे वळून म्हणत, "चालू हाय की." आणि शिकवायला लागत.

पहिल्या दिवशी मुलं हसायची. महिन्याभरात निम्मा वर्ग आपापली नाडी धरून बसलेला दिसे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोल्हापुरातल्या त्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा सर विभागात सगळ्यांत ज्येष्ठ. माझा तास नसला की मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसे. तुम्हीही कधीतरी अशा एखाद्या वर्गात बसला असाल, जिथं आपल्याला येत असलेलीच गोष्ट पहिल्यांदा कळते. पुस्तकात पेशीला कारखाना म्हटलं होतं. सरांना ते पटत नसे. कारखाना उसाचा हंगाम संपला की बंद पडतो, ही बंद पडली तर आपण इथं बसलेले नसू, असं ते म्हणत. आणि म्हणताना त्यांचा आवाज देवळात आल्यासारखा खाली येई.

सहलीला ते मुलांना राधानगरीच्या जंगलात नेत. एकदा एका कुजलेल्या ओंडक्याभोवती सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, यातलं मेलेलं कोण आणि जिवंत कोण? बुरशी, वाळवी, शेवाळ, सालीतून वर आलेलं एक रोप. पोरं एकेकावर बोट ठेवून वाद घालू लागली. सरांनी उत्तर सांगितलं नाही.

त्या रस्त्यावरच त्यांचं गाव लागे. गाडी तिथं थांबली, तरी सर उतरत नसत. कारण त्यांनी मला खूप उशिरा सांगितलं. वडिलांनी आपला देह मेडिकल कॉलेजला द्यायला सांगून ठेवलं होतं आणि थोरला म्हणून सरांनी तो दिला. धाकटा भाऊ शेती करणारा, म्हशी सांभाळणारा. बापाला अग्नी मिळाला नाही हे त्याला सोसलं नाही. त्या दिवसापासून त्यानं सरांशी बोलणं टाकलं होतं.

पुढं काही वर्षांनी सरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. डायलिसिस सुरू झालं. वर्गात उभं राहवेना, म्हणून खुर्चीत बसून शिकवू लागले. डॉक्टर म्हणाले, दुसरी किडनी बसवावी लागेल. वहिनींचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, रक्तगट जुळेना. मूलबाळ नव्हतं. राहिला भाऊ.

सर त्याला निरोप धाडायला तयार होईनात. "मागून घ्यायची वस्तू न्हाई ती," एवढंच म्हणाले.

वहिनी त्यांना न सांगता गावी जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी मी राजारामपुरीतल्या त्यांच्या घरी बसले होते, तेव्हा भाऊ आला. पायातल्या चपला दारात काढल्या, पण बसला नाही. इतक्या वर्षांनी समोर आलेल्या भावाला त्यानं कसा आहेस हेही विचारलं नाही.

"दोन हायत की," तो म्हणाला. "एक घे."

सरांनी त्यांना येत होतं तेच केलं. शिकवायला लागले. आईकडून पेशीवरच्या खुणांचा दोनातला एक संच येतो, बापाकडून दोनातला एक. दोन सख्ख्या भावांचं सगळं जुळायची शक्यता चारात एक.

"बाकीचं तीन कोण हायत?" भाऊ म्हणाला. "मी तर एकटाच हाय."

सर हसले. हसता हसता त्यांनी तोंडावर पंचा धरला आणि तो लवकर काढला नाही. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. मग भाऊ बसला.

तपासणीत सगळं जुळलं. मी भेटायला गेले, तर सर तो कागद हातात घेऊन बसलेले. म्हणाले, आयुष्यभर फळ्यावर काढलं मी हे. माझ्या घरात खरं निघेल असं कधी मनात आलं नव्हतं.

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी ते तोंडाला मास्क लावून वर्गात आले. मुलांना सांगितलं, शरीराला नातं कळत नाही, पेशीच्या अंगावरच्या खुणा कळतात. इतकं जुळूनही थोडा फरक उरतोच, म्हणून राखण करणाऱ्या पेशींना रोज गोळ्या घेऊन शांत ठेवावं लागतं. मग थोडं थांबून म्हणाले, "आत भाऊ हाय, एवढं त्यांना सांगता येत न्हाई बघा."

त्या किडनीवर सर कितीतरी वर्षं जगले. निवृत्त झाले, सुट्टीत गावी राहायला जाऊ लागले. एका दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. त्यांचीही इच्छा वडिलांसारखीच होती. मेडिकल कॉलेजकडे गेलेल्या गाडीत भाऊच सोबत होता.

त्यानंतर थोड्या दिवसांनी तो आमच्या प्रयोगशाळेत आला. सरांना तो आण्णा म्हणे. आण्णा नेहमी सूक्ष्मदर्शकाचं सांगायचा, आपण कधी बघितलं नाही, म्हणाला. मी टूथपिकनं त्याच्या गालाची आतली बाजू हलकेच खरवडली, काचेवर पसरली, वर निळ्या रंगाचा थेंब टाकला आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तो त्याच्यापुढं सरकवला.

"ह्यो मी?"

"हो. तुमच्याच पेशी."

"मधी निळं ठिपकं दिसत्यात."

"आईवडिलांकडून आलेलं त्यातच असतं," मी म्हणाले. "तुमचं आणि सरांचं जे जुळलं, तेही त्यातच."

पुढच्या प्रॅक्टिकलची मुलं दारात जमली होती. मी त्यांना हातानं थांबायला सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि सूक्ष्मदर्शकावर पुन्हा वाकला.