आमची जुनी गाडी आज पहिल्यांदाच चालू झाली नाही

मंडळी, चौदा वर्षांत आमच्या गाडीनं एकदाही दगा दिला नव्हता. आज दिला, तोही गिऱ्हाईक दारात उभं असताना!

मी चाकणला कंपनीत नव्या गाड्या जोडतो. म्हटलं, आता घरीही नवी घेऊ. ही जुनी बघायला सकाळी कुरुळीचे एक भाऊ थेरगावला आमच्या घरी आले. "एका चावीत चालू होते," असं छातीठोक सांगून मी चावी फिरवली.

गाडी ढिम्म! साधा दिवाही लागेना.

माझे वडील, अण्णा, पायरीवर बसून निवांत चहा पीत होते. म्हणाले, "वय झालं तिचं. न्हाई व्हायची आता चालू."

"राव, हिला न्यायला टेम्पो लागंल," म्हणत भाऊ निघून गेले.

वैतागून बॉनेट उघडलं, तर बॅटरीची वायर काढून बाजूला ठेवलेली! मी पाना शोधायला घरात निघालो, तर अण्णांनीच खिशातून दहा नंबरचा पाना काढून पुढे केला.

"नीट आवळ. मला डांगे चौकात जायचं हाय."

तुमच्याकडची जुनी गाडी कोणाची आहे हो? आमची कागदोपत्री तरी माझीच आहे.