काढायची म्हणजे काय

पडवीतल्या मोटारसायकलचं काय झालं, असं तुम्ही दोघांनी मागच्या रविवारी फोनवर विचारलंत आणि तुमचा काका माझ्याकडे बघून हसला. मग त्याने त्याच्या पद्धतीने सांगितलं. आता माझ्या बाजूने मी लिहून पाठवते.

ती गाडी तुमच्या आजोबांची. त्यांची सकाळची पाळी असली की आम्ही दहिवलीहून बरोबर निघायचो. वाटेत चौक गावाला ते मला उतरवायचे. तिथून मी एसटीने खालापूरला, शाळेत इंग्रजी शिकवायला, आणि ते रसायनीला कारखान्यात. नोकरीची सगळी वर्षं मी त्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसले, मांडीवर डबा आणि पदर कमरेला खोचलेला. मागच्या चाकाशी साडी गार्ड होतं, म्हणजे निऱ्या चाकात जाऊ नयेत म्हणून बसवतात ती लोखंडी जाळी. आजोबा गेले आणि गाडी मागच्या पडवीत ताडपत्रीखाली गेली. टायर बसले, टाकीला गंज चढला, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. मी अधूनमधून ताडपत्री झटकायची, इतकंच.

गेल्या वर्षी पाऊस सुरू असतानाच काकाने जाहीर केलं की तो त्या गाडीची बॉबर करणार, म्हणजे हल्ली पोरं करतात तशी काटछाट केलेली गाडी. घरीच, सुट्टीच्या दिवशी, आपल्या हाताने. मला विचारलं नाही, सांगितलं. बॉब म्हणजे कापून आखूड करणं, एवढं इंग्रजी मला येतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींचा बॉबकट असायचा.

"काय काय कापणार आहेस?" मी विचारलं.

"नको असेल ते सगळं."

याला मी उत्तर म्हणत नाही. कोणाला नको असेल ते, हे त्यात आलं नव्हतं.

मदतीला त्याने शाळेपासूनचा मित्र आणला. कर्जतच्या रस्त्यावर त्याचं खिडक्यांच्या ग्रिल बनवायचं वेल्डिंगचं दुकान आहे. दोघांनी गाडी खोलली आणि मग तिचे तुकडे घरातून जायला लागले. काका कामावर गेला की दुपारी मी पडवीत एक चक्कर मारायची. एकदा बघते तर सीट नाही. पुढच्या खेपेला मागचा मडगार्ड नाही. मग साडी गार्डही गेलं. सगळं त्या मित्राच्या टेंपोत जाई आणि परत काही येत नसे.

"साडी गार्ड कुठे आहे?"

"असेल कुठेतरी, आई."

माझ्या घरात कुठलीच वस्तू कुठेतरी नसते, हे तुम्हाला माहीत आहे.

त्यानंतर काकाच्या ओळखीचा शेलूचा एक माणूस आला. तिकडच्या नव्या इमारतींत राहतो म्हणाला. त्याने मोबाईलवर गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले, टाकी जवळून पुन्हा पुन्हा, आणि कलिंगड घेताना वाजवून बघतात तशी ती बोटाने वाजवून बघितली. मी त्याला चहा दिला. चहा पिताना माणूस बोलतो.

"तुम्हाला यात काय रस?" मी विचारलं.

"काकू, अशा गाड्या आता मिळत नाहीत हो. लोक वाट्टेल ते द्यायला तयार असतात."

कोण लोक, ते त्याने सांगितलं नाही. त्याच आठवड्यात काकाने माझ्याकडे गाडीचं आरसी बुक मागितलं. पासिंग पुन्हा करून घ्यायचं, म्हणाला. मी म्हटलं शोधते, आणि शोधलं नाही. ते कुठे आहे हे मला माहीतच होतं.

तुमची काकू म्हणाली, "आई, तुम्हाला पोलिसात घ्यायला हवं होतं."

"पोलीस एवढं लक्ष देत नाहीत," मी म्हणाले.

नवरात्र जवळ आलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी पडवीकडे उघडते. मी तांदूळ निवडत बसले होते आणि बाहेर दोघं गाडीशी खुडबुड करत होते. मित्राचा आवाज नीट ऐकू आला.

"दसऱ्याला काढायची ना रं नक्की?"

"काढायचीच," काका म्हणाला. "पण आईला आत्ता काही बोलू नको."

"मी कशाला बोलतोय? पन काकी लय हुशार हाय. तिला वास लागनार."

तिला लागलाच होता. ही "काढायची" मी जन्मात विसरणार नाही. मी ठाण्याची. लग्न होऊन इथे आले तेव्हा घरात म्हैस होती. एका सकाळी सासूबाई म्हणाल्या, म्हैस काढली. मला वाटलं, चरायला बाहेर काढली. संध्याकाळी पेंड भिजवून, घमेलं घेऊन मी गोठ्याच्या दाराशी तिची वाट बघत उभी. अंधार पडायला आला तेव्हा सासूबाईंनी येऊन सांगितलं, "अगं, काढली म्हंजे इकली." घरात पुढे कितीतरी दिवस ही गोष्ट पाहुण्यांना सांगितली जायची. तेव्हापासून इकडे काढणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको.

तर दसऱ्याला आजोबांची गाडी शेलूला जाणार होती आणि मला ते मागाहून कळणार होतं. मी भांडले नाही. गाडीची चावी एकच होती. इंजिन सुरू करून बघितल्यावर त्यांनी ती कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला परत लावली. ती मी उचलली आणि नाचणीच्या पिठाच्या डब्यात खोल दाबून ठेवली. आमच्याकडे नाचणीची भाकरी मी एकटीच खाते.

दसऱ्याच्या सकाळी गाडीवर चादर होती, झेंडूचा हार तयार होता आणि काका खिळ्याखाली उभा राहून भिंत चाचपत होता. मित्र पायरीवर बसला होता. तेवढ्यात फाटक वाजलं. शेलूचा माणूस, नवा शर्ट घालून.

"आई, चावी पाहिलीस का?"

"पाहिली."

"मग दे ना. पूजा खोळंबलीय."

"पूजा करून यांच्या हवाली करणार का?"

"कोणाच्या?"

मी शेलूच्या माणसाकडे बोट केलं. "दसऱ्याला काढायची ठरलंय ना तुमचं? मी ऐकलंय."

काकाला काही कळेना. मित्राला कळलं, कारण ही भाषा त्याच्या घरची. हसून हसून तो पायरीवरच आडवा व्हायचा बाकी राहिला.

"काकी, काढायची म्हंजे बाहेर काढायची, पूजेला. इकायचं कोन बोललं? आमी एवडी हाडं मोडली ती इकायला?"

"म्हैसही मला बाहेरच काढली वाटली होती," मी म्हणाले.

शेलूच्या माणसाने घाईघाईने सांगितलं की त्याला टाक्या रंगवायचा छंद आहे आणि फोटो घेतले ते जुना रंग जुळवायला. ते मी ऐकून घेतलं.

काकाने चादर ओढली. टाकी तशीच, आजोबांची, गडद लाल, कडेला सोनेरी रेघ. हँडल रुंद, मडगार्ड आखूड, गाडी एकदम ठेंगणी दिसत होती. मधे तपकिरी चामड्याची, स्प्रिंगांची एक लहानशी सीट. तिच्या मागे काही नव्हतं. नुसतं चाक.

"मागची सीट?"

"बॉबरला मागे सीट नसते, आई. एकट्याचीच असते ती."

आता मित्रही हसत नव्हता. इतके दिवस मी पहारा दिला तो गाडी घराबाहेर जाऊ नये म्हणून. गाडी होती तिथेच होती आणि माझी जागा तेवढी गेली होती. हे त्या बॉबर शब्दाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेही इंग्रजीत.

"तू थोडीच आता बसणार होतीस?" काका हळू आवाजात म्हणाला. "तुझे गुडघे बघ."

"नव्हते बसणार. पण ते मी ठरवायचं."

मी आत जाऊन चावी आणली, पदराने पीठ पुसलं आणि पूजा होईपर्यंत हातात ठेवली. एक फेरी मारायला दिली. परत आल्यावर मागून घेतली. दुसऱ्या दिवशी मित्राने साडी गार्ड दुकानातून आणून दिलं, तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ केलेलं. ते मागच्या कुंपणाला बांधून घेतलंय आणि त्यावर कारल्याचा वेल चढवलाय.

रविवारी काका येऊन सांगतो, "आई, गाडी काढतोय."

"बाहेर, की घरातून?" मी विचारते, आणि बाहेर म्हटल्यावरच चावी देते. फाटकाशी गाडीचा आवाज परत येईपर्यंत मी खिडकीतून हलत नाही. शेलूचा माणूस मागच्या आठवड्यातही येऊन गेला, सहज म्हणाला. चावी आता नाचणीच्या डब्यात नाही. कुठे आहे ते तुम्हालाही लिहीत नाही, कारण तुम्ही काकाशी रोज फोनवर बोलता.