मँगनीजचे रंग

शाळेच्या प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या मावशी दहावीला विज्ञानात गचकल्या आणि शिक्षण तिथंच सुटलं. त्यामुळे एकवीस वर्षं रसायनांच्या बाटल्या हाताळूनही आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, असंच त्या धरून चालत. मग रसायनशास्त्राचे नवे सर आले.

एकदा सिंकपाशी मावशी सहज म्हणाल्या, "सर, हे जांभळं परमँगनेट धुताना कधी हिरवं होतं, कधी तपकिरी डाग धरतं. डागावर ऑक्झॅलिक अ‍ॅसिड ओतलं की तोही जातो. द्रव्य एकच, मग ही सोंगं कशाला?"

सर चालता चालता थांबले. "बारावीच्या एकाही पोरानं मला हे विचारलेलं नाही, मावशी."

शाळा सुटल्यावर त्यांनी भिंतीवरच्या आवर्तसारणीपुढे स्टूल ओढलं. उजवीकडे आणि वर जावं तसा अणू इलेक्ट्रॉन जास्त ओढतो. शेवटचा निष्क्रिय वायूंचा खांब तेवढा सोडायचा, त्यांना कुणाचं काही नको असतं. ऑक्सिजन त्या वरच्या कोपऱ्यातला, दोन इलेक्ट्रॉन ओढणारा. परमँगनेटमध्ये चार ऑक्सिजन, म्हणजे आठ. पोटॅशियमनं एक दिला. उरलेले सात मँगनीजचे.

"म्हणजे सात खरंच सुटून जातात?"

"नाही. तसं मानायचं. जो जास्त ओढतो त्याच्याकडे गेले असं धरायचं. त्यालाच ऑक्सिडेशन नंबर म्हणतात."

सातला जांभळा, सहाला हिरवा, चारला तपकिरी, दोनला जवळजवळ बिनरंगी. मावशींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एवढी वर्षं त्या डाग नव्हे, आकडे धूत होत्या.

पुढे रोज अर्धा तास हे चालू राहिलं. घरी भाजी चिरताना त्या सोडियमपेक्षा पोटॅशियम इलेक्ट्रॉन लवकर का सोडतो ते सांगू लागल्या, तेव्हा बस आगारातला फिटर नवरा म्हणाला, "त्या पोटॅशियमलाही ताट वाढ, रोजच येतोय आपल्याकडे." पण ऐकायचा मात्र नीट.

परमँगनेटचे रंग वर्गाला एकाच ग्लासात दाखवायचे, ही कल्पना मावशींची. साखर किती, कॉस्टिक सोडा किती, हे त्यांनी दोन महिने खपून ठरवलं आणि वहीत लिहिलं. कॉस्टिक कमी पडला तर हिरवा टिकतच नाही, जांभळ्याचं थेट तपकिरी होतं, हेही त्यात होतं. सर म्हणाले, "शाळेच्या तपासणीला पाहुणे येतील, तेव्हा हाच प्रयोग करू. तुमचं नाव सगळ्यांसमोर घेणार मी." मावशींनी त्या दिवसासाठी कपाटातली ठेवणीतली साडी काढली.

सरांची विभागप्रमुखपदाची निवड त्याच तपासणीवर होती. सकाळी त्यांनी कॉस्टिकची बाटली उचलली आणि वहीतलं माप पाव हिश्शावर आणलं.

"सर, हिरवा येणार नाही."

"पाहुण्यांच्या अंगावर उडालं तर? येतो हो, कळतं मला."

हिरवा आला नाही. जांभळ्या पाण्याचा बघता बघता तपकिरी गढूळ चिखल झाला. पाहुण्यांपैकी कुणीतरी खाकरलं. सर वळले. दारात ट्रे धरून मावशी उभ्या होत्या.

"द्रावणं आमच्या मावशींनी केलीत," सर हसून म्हणाले. "दहावी नापास. सांगून सांगून किती सांगणार."

नापास झाल्याचं त्यांनी एकट्या सरांनाच सांगितलं होतं. ट्रे खाली ठेवून त्या सिंककडे गेल्या आणि धुतलेल्याच नळ्या पुन्हा धुवायला लागल्या.

चौथ्या दिवशी द्रावणं चुकवल्याबद्दल मावशींच्या नावे ताकीदपत्र आलं. मावशी वही, दोन ग्लास आणि बाटल्या घेऊन थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. एका ग्लासात पुरेसा कॉस्टिक, दुसऱ्यात सरांनी घातला तेवढा. पहिला हिरवागार होऊन थांबला, दुसरा चिखल झाला. "हिरव्यात मँगनीज सहावर आहे, बाई. यात तो न थांबता चारवर आला." बाईंनी वही चाळली, ताकीदपत्र फाडलं आणि सरांना बोलावलं.

मावशींना अजून वाटत होतं, सरांची खरंच समजण्यात चूक झाली असेल. सर दोन्ही ग्लास बघून शांतपणे म्हणाले, "रंग बदलला त्याच क्षणी कळलं होतं मला. पण तिथं काय बोलणार? माझी निवड होती. मावशींचं त्यात काय जाणार होतं?"

मावशींनी ग्लास उचलले आणि त्या बाहेर आल्या.

तरीही निवड सरांचीच झाली. एका संध्याकाळी त्यांनी पुन्हा स्टूल ओढलं. "बसा मावशी, हॅलोजन राहिलेत आपले."

"लागणारं सामान यादीत लिहून द्या, सर," मावशी म्हणाल्या. "तेवढं काढून ठेवेन."

त्या वर्षी त्यांनी बाहेरून दहावीचा अर्ज भरला आणि उत्तीर्ण झाल्या. विज्ञानात ऐंशी पडले. निकालाच्या दिवशी सर प्रयोगशाळेतच वह्या तपासत होते. मावशींनी त्यांना सांगितलं नाही.